किनारा जहाजावरून पाहताना

घाटंजीहून समुद्र फार दूर आहे. वाघाडी नदीच्या काठचे हे आमचे तालुक्याचे गाव. चहूकडे कापूस, तूर आणि सोयाबीन. मुंबई गाठायची तर आधी यवतमाळ, मग धामणगाव, आणि तिथून संध्याकाळची विदर्भ एक्स्प्रेस. सकाळी डोळे उघडावेत तेव्हा गाडी मुंबईच्या उपनगरांत शिरलेली असते. अशा गावातील डॉक्टराने जहाजाच्या प्रवासाबद्दल आणि त्याच्या आरोग्यनियमांबद्दल लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. पण करोनाच्या वर्षांत हा विषय माझ्या दवाखान्याच्या बाकावर येऊन बसला होता.

नोव्हेंबर २०२१ ची अखेर. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी काकूंना घेऊन आले. वय शहात्तर, मधुमेह पंधरा वर्षांचा, आणि थंडी पडली की छातीत घरघर. पुण्यातील मुलाने नववर्षासाठी मुंबई-गोवा जहाजाची तिकिटे काढली होती. गुरुजींनी आयुष्यभर मुलांना भूगोल शिकवला. समुद्र त्यांनी चौपाटीवरून दोनदा पाहिला होता. "किनाऱ्यावरून समुद्र पाहिला, डॉक्टर. आता समुद्रावरून किनारा कसा दिसतो ते पाहायचं आहे," ते म्हणाले. त्यांना माझ्याकडून प्रवासास योग्य असल्याचे प्रमाणपत्र हवे होते.

मी दोघांची लसीकरणाची कागदपत्रे पाहिली. गुरुजींच्या दोन्ही मात्रा झाल्या होत्या, काकूंची एकच. पहिल्या मात्रेनंतर दोन दिवस ताप आला आणि त्यांनी दुसरी टाळली. त्या भीतीला आमच्या तालुक्यात आणखी एक पदर होता. ३१ जानेवारी २०२१ रोजी तालुक्यातील एका गावात १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी चुकून हात स्वच्छ करण्याचे सॅनिटायझर पाजले गेले होते. मुले सुखरूप घरी परतली. पण 'डोस' या शब्दाने पुढे कितीतरी महिने म्हातारी माणसे दचकत. "मले नको बाप्पा ते," काकू म्हणाल्या, आणि मीही तेव्हा फारसा आग्रह धरला नाही.

त्याच आठवड्यात, २६ नोव्हेंबरला, जागतिक आरोग्य संघटनेने 'ओमायक्रॉन' हे नाव जाहीर केले. २ डिसेंबरला भारतातील पहिले रुग्ण कर्नाटकात आढळले आणि ४ डिसेंबरला महाराष्ट्रातील पहिला रुग्ण डोंबिवलीत. गुरुजी पुन्हा आले तेव्हा मी स्पष्ट सांगितले, "या डिसेंबरात नको." त्यांनी मुलाला फोन लावला आणि तिकिटे रद्द केली.

जहाज का वेगळे?

हा नकार मी केवळ भीतीपोटी दिला नव्हता. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानमधील योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' हे जहाज अडकले, तेव्हापासून जगभरचे डॉक्टर जहाजांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले होते. हाँगकाँगला उतरलेला एक प्रवासी बाधित असल्याचे कळले आणि ३,७११ माणसांना समुद्रावरच विलगीकरणात ठेवावे लागले. त्यांपैकी ७१२ जणांना संसर्ग झाला. जहाजावर १३८ भारतीय होते, त्यांतील १३२ कर्मचारी. २७ फेब्रुवारीला त्यांपैकी ११९ जणांना हवाई दलाच्या नव्हे, तर एअर इंडियाच्या विमानाने दिल्लीला आणून मानेसरच्या केंद्रात ठेवण्यात आले.

जहाजावर माणसे एकाच भोजनगृहात जेवतात, एकाच नाट्यगृहात बसतात, अरुंद बोळांतून एकमेकांना घासून जातात. कर्मचारी दाटीने राहतात आणि एका फेरीतून पुढच्या फेरीत तेच असतात. प्रवाशांत वयस्करांचे प्रमाण मोठे असते. त्यातच सर्वांत जवळचे मोठे रुग्णालय कित्येक तासांच्या अंतरावर. म्हणूनच जहाजांचे नियम विमानांपेक्षा कडक झाले: लशीच्या पूर्ण मात्रा, चढण्यापूर्वी ठरावीक तासांतील चाचणी, चढताना ताप मोजणे, बाधितांसाठी वेगळ्या खोल्या आणि उतरवून घेण्यास तयार असलेले बंदर.

या नियमांमागचा विचार फार जुना आहे. इ. स. १३७७ मध्ये एड्रियाटिक किनाऱ्यावरील रागुसा शहराने प्लेगच्या भीतीने आलेल्यांना ३० दिवस बाहेर थांबवण्याचा नियम केला. पुढे ही मुदत ४० दिवसांची झाली आणि चाळीस या अर्थाच्या इटालियन शब्दावरून 'क्वारंटाइन' हा शब्द जगाला मिळाला. आपल्या मुंबईनेही १८९६ च्या प्लेगात बंदरावरील तपासण्या पाहिल्या. त्याच साथीत डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली.

अहवाल निगेटिव्ह, तरीही

नववर्षाच्या त्याच फेरीत जे घडले ते अनेक वाचकांना आठवत असेल. 'कॉर्डेलिया क्रूझेस'चे 'एम्प्रेस' हे जहाज दोन हजारांच्या आसपास माणसे घेऊन मुंबईहून गोव्याला गेले. एक कर्मचारी बाधित आढळल्यामुळे मुरगाव बंदरात सर्वांची तपासणी झाली आणि ३ जानेवारी २०२२ रोजी ६६ जणांचे अहवाल पॉझिटिव्ह आले. जहाज मुंबईला परत धाडण्यात आले. तेथे पुन्हा तपासणी झाली, तेव्हा आणखी शंभराहून अधिक बाधित सापडले.

त्या दिवसांत कित्येकांनी मला विचारले, "लस घेतलेली, चाचणी केलेली माणसे, मग हे कसे?" उत्तर सोपे आहे, पण नीट समजून घेण्यासारखे आहे. चाचणी ही त्या क्षणाची नोंद असते. विषाणू शरीरात शिरल्यापासून तो चाचणीत सापडण्याइतका वाढेपर्यंत एक-दोन दिवस जातात. सोमवारी नमुना दिला, मंगळवारी संसर्ग झाला आणि बुधवारी जहाजावर चढलो, तर हातातला कागद खरा असूनही उपयोगाचा राहत नाही. लशीचे मुख्य काम आजार गंभीर होऊ न देणे हे आहे; ओमायक्रॉनला नाकाच्या दाराशीच अडवणे तिला फारसे जमले नाही. म्हणून लस, चाचणी, मुखपट्टी, मोकळी हवा आणि लक्षणे असताना घरी थांबणे या सर्वांची मिळून एक चाळणी होते. त्यातील एकच थर पुरेसा नसतो.

साथ प्रवाशाबरोबर येते हे यवतमाळ जिल्ह्याला वेगळे सांगावे लागत नाही. मार्च २०२० मध्ये आमच्या जिल्ह्यातील पहिले रुग्ण दुबईची सहल करून परतलेल्या गटातीलच होते.

जहाजाची बातमी आली त्या दिवशी गुरुजी वर्तमानपत्र घेऊन दवाखान्यात आले. "तुमचं बरोबर निघालं," म्हणाले. मला बरे वाटले. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र आनंद नव्हता, आणि मी त्याकडे लक्ष दिले नाही.

जे मी सांगायचे राहिले

लाट फेब्रुवारीत ओसरली. काकूंनी दुसरी मात्रा घेतली. गुरुजींना वर्धक मात्रा मिळाली. १० जानेवारी २०२२ पासून ती साठीपुढील सहव्याधी असलेल्यांना मिळू लागली होती. प्रवासाला आता कसलीच आडकाठी नव्हती. पण माझे 'नको' त्यांच्या मनात तसेच राहिले होते. मुलाने एकदा विषय काढला, तेव्हा "डॉक्टरांनी नाही म्हटलंय," असे त्यांनी सांगितले. हे मला फार उशिरा कळले. ऑगस्टमध्ये त्यांना अर्धांगाचा झटका आला. दिवाळीनंतर ते गेले.

त्या डिसेंबरातला माझा सल्ला चूक होता असे मला आजही वाटत नाही. पण तो अर्धा होता. नको म्हणताना 'मग केव्हा' हे मी सांगितले नाही. "काकूंची मात्रा झाली आणि लाट उतरली की मार्चमध्ये या, मी स्वतः प्रमाणपत्र लिहून देतो," एवढे एक वाक्य कमी पडले. तरुण माणसाचे एक वर्ष पुढे गेले तर पुढे जाते. शहात्तराव्या वर्षी मात्र वर्षाचा हिशेब वेगळा असतो.

फेब्रुवारी २०२३ मध्ये पत्नी आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई यांना घेऊन मी त्याच मार्गाने निघालो. निघण्याआधी काकूंना सांगायला गेलो. त्या एवढेच म्हणाल्या, "नीट पाहून या. आल्यावर मले सांगा."

मुंबईच्या बॅलार्ड पिअरला सामान तपासले, आरोग्याची माहिती एका अर्जावर भरून दिली. तोवर नियम सैल झाले होते. आमच्याकडे चाचणीचा अहवाल कोणी मागितला नाही. आईसाठी चाकाची खुर्ची आधी कळवून ठेवली होती, ती मिळाली. जहाज हलले ते कळलेच नाही. धक्काच मागे सरकतो आहे असे वाटले. सूर्य कलला, मुंबईच्या इमारती एका ओळीत आल्या आणि हळूहळू बुटक्या होत गेल्या. पुढे खांदेरीच्या बाजूला दीपगृहाचा प्रकाश फिरताना दिसला. रात्री कोकणचा किनारा म्हणजे काळ्या पट्टीवर विरळ पेरलेले दिवे. मध्येच एखाद्या गावाचा पुंजका, मग पुन्हा अंधार. आई कठड्याशी बराच वेळ बसली. "आपलं गावही रात्री वरून असंच दिसत असेल," ती म्हणाली.

सकाळी मुरगावला लागलो. बंदर देखणे नाही. कोळशाचे ढीग, क्रेनचे सांगाडे, आणि मागे हिरवी टेकडी. पर्यटक घाईने उतरून बसमध्ये बसले. मी क्षणभर थांबलो. वर्षभरापूर्वी याच बंदरात माणसे खोल्यांतून हा किनारा पाहत होती आणि उतरू शकत नव्हती. त्यांत गुरुजी असते तर, हा विचार आला. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा आला: आज ते इथे असायला हवे होते.

निघण्यापूर्वी

५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने करोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. नियम गेले, तरी ज्येष्ठांनी आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांनी काही गोष्टी सोडू नयेत.

प्रवासाच्या चार ते सहा आठवडे आधी आपल्या डॉक्टरांना भेटा. इन्फ्लुएन्झा आणि न्यूमोनियाच्या लशींबद्दल विचारा. लशीचा परिणाम दिसायला सुमारे दोन आठवडे लागतात. परदेशी बंदरे असतील तर पीतज्वराच्या लशीचा नियम पाहा. तिचे प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहाव्या दिवसापासून लागू होते आणि आता आयुष्यभर चालते.

कागद जुळवून ठेवा. २०२१ मध्ये ब्रिटनने आपल्या प्रमाणपत्रांवर आक्षेप घेतला, तेव्हा त्यावर पूर्ण जन्मतारीख छापण्याची सोय करावी लागली. आपल्याकडे आधारवर एक नाव, पासपोर्टवर दुसरे आणि जन्मतारीख १ जानेवारी, असे सर्रास असते. लसीकरणाची नोंद मुलाच्या मोबाइल क्रमांकावर असेल, तर छापील प्रत स्वतःजवळ ठेवा.

औषधे दुप्पट दिवसांची घ्या आणि हातातल्या पिशवीत ठेवा. मोठे सामान खोलीत उशिरा पोहोचते. चिठ्ठीवर औषधांची मूळ नावे असू द्यात. इन्सुलिनसाठी खोलीत शीतकपाट आहे का, ते आधी विचारा. बोट लागण्याच्या गोळ्यांनी वृद्धांना गुंगी येते, लघवी अडू शकते. स्वतःहून घेऊ नका. जहाजावर उलट्या-जुलाबाची साथ पसरवणारा नोरोव्हायरस सॅनिटायझरला फारसा जुमानत नाही, म्हणून जेवणाआधी हात साबणानेच धुवा. विमा काढताना जुने आजार लपवू नका. आणि ताप-खोकला असेल तर तिकिटाचे पैसे बुडाले तरी थांबा.

डॉक्टरांनी 'आत्ता नको' म्हटले, तर तेवढ्यावर उठू नका. "मग केव्हा?" असे विचारा आणि ती तारीख चिठ्ठीवर लिहून घ्या. ती मागायचा तुम्हाला हक्क आहे.

परतल्यावर मी काकूंकडे गेलो. दिवे कसे दिसतात, दीपगृह कसे फिरते, सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले. मग रक्तदाबाची वही पुढे केली आणि विचारले, "पोरगा म्हणते उन्हाळ्याआधी जाऊ. मी जाऊ काय?"

मी रक्तदाब तपासला, वही चाळली आणि चिठ्ठीवर तारीख लिहून दिली.