बियाचा दोडका

आमच्या परसातला सगळ्यांत चांगला दोडक्याचा वेल आम्हाला कधी खायला मिळाला नाही.

शिरड शहापूरला आमचं माळवदाचं घर होतं. मागे न्हाणीचं पाणी जिथे मुरायचं, तिथे आज्जी दरवर्षी मृगात दोडक्याची पाच-सहा आळी करायची. वेल मांडवावर चढले, फळं धरू लागली, की ती रोज सकाळी मांडवाखाली मान वर करून बराच वेळ उभी राहायची. मग एके दिवशी एखाद्या वेलाच्या बुडाशी जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली दिसायची. त्या दिवसापासून त्या वेलाला हात लावायचा नाही. बाकीच्या वेलांचे दोडके घरात शिजायचे, शेजारीपाजारी जायचे. गावात मल्लिनाथांचं मोठं दिगंबर जैन मंदिर आहे. कंदमुळं न खाणाऱ्या घरांत चातुर्मासात आमचे दोडके विशेष जात. चिंधीचा वेल मात्र लदबदलेला असूनही तसाच.

‘‘कामून गं? एकच तोडतो की,’’ मी म्हणायचो.

‘‘बियाचा हाय त्यो. नको हात लावू.’’

एकदा मी दुसऱ्या वेलावरचा हातभर लांब दोडका दाखवून म्हटलं, मग हाच ठेव ना बियाला. तेव्हा तिने मला जवळ बसवून सांगितलं, ‘‘फळ बघून बी धरू नाही लेकरा. एखादं फळ कोणत्याबी वेलाला चांगलं येतंय. वेल बघावा.’’ कोणता वेल आधी धरतो, कोणाची पानं पावसाच्या झडीत टिकतात, कोण शेवटपर्यंत दमत नाही, हे ती दोन महिने पाहत राहायची. शिवाय वेलावर एक फळ पिकायला सोडलं, की त्याचा जीव त्या फळात गुंततो आणि नवी फळं कमी लागतात. म्हणून तिने अख्खा वेलच वेगळा काढलेला.

दोडके वेलावरच वाळून तपकिरी व्हायचे. हलवले की आत बिया खुळखुळायच्या. काशीफळाच्या बिया आज्जी शेणाच्या गोळ्यात दाबून भिंतीला थापायची, वांग्याचं बी धुऊन राखेत घोळायची; दोडक्याला मात्र दुसरं घर लागत नसे. जाळीदार खोक्यासकट ते चुलीच्या वर, धुरात टांगलेले असायचे. पेरणीच्या दिवशी टोकाचं टोपण काढलं, की काळ्याभोर खरबरीत बिया तळहातावर घरंगळायच्या.

आज्जीच्या तोंडात तेव्हा चार-दोन दात उरले होते. चिंधी बांधण्याआधी ती त्या वेलाचा एक थोराड दोडका मुद्दाम शिजवायची. थोर होऊनही जो तार धरत नाही, ज्याच्या शिरा मऊ शिजतात, तोच वेल तिला पसंत पडायचा. मला आवडायची ती दोडक्याच्या शिरांची चटणी, तीळ आणि लसूण घालून तव्यावर खरपूस परतलेली. पण आमच्या दोडक्याच्या शिरा वर्षागणिक बसक्या होत गेल्या आणि चटणीचा वाटा कमी होत गेला. आजही त्या बियांचा दोडका चिरताना मला वाटतं, यात तिचे पडलेले दात आहेत.

१९७२ च्या दुष्काळात मी सात वर्षांचा होतो. खडी फोडायच्या कामावर माणसं जात होती, सुकडी वाटली जात होती, विहिरीचा तळ दिसत होता. मृगाला आज्जीने टोपणं काढली आणि निम्म्याच बिया पेरल्या. उरलेल्या राखेत घालून गाडग्याचं तोंड शेणमातीने लिंपून टाकलं. पेरलेल्यांपैकी एकही वेल फळापर्यंत पोचला नाही. पुढच्या साली गाडगं फुटलं आणि मांडव पुन्हा भरला. तेव्हापासून घरात एकच नियम झाला: एका सालात सगळं बी मातीत घालायचं नाही.

त्या नियमाची खरी किंमत कळली ती १९८६ साली. मी नुकताच शिक्षक झालो होतो. आईने पहिले दोडके शिजवले, पहिला घास बाबांनी तोंडातून काढला. कडूजहर. दुसऱ्या वेलाचा तसाच, तिसऱ्याचा तसाच. आईला वाटलं, आपल्याच हातून काही चुकलं. ती चुलीपुढे बसून रडली. आज्जी बोलली नाही. काठी टेकत मागच्या कुपाटीपाशी गेली आणि काट्यांवर चढलेल्या रानवेलाकडे बोट दाखवलं. कडू दोडकी! मागच्या पावसाळ्यात कुपाटी दाट झाली होती आणि तो वेल कधी फुलला, कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मला तेव्हा उमजेना. मागच्या साली बियाच्या वेलाचा दोडका आम्ही चाखला होता, गोड होता. मग बी कडू कसं? पुढे वाचून कळलं. फळाचा गर आईचा असतो, बी दोघांचं. रानवेलाचे परागकण किड्यांनी आणून टाकले, तरी ते फळ गोडच लागतं. कडूपणा बियांत दडून बसतो आणि वरचढ असल्यामुळे पुढच्या पिढीत उघड होतो. आज्जीची जीभ वेलाची आई ओळखू शकत होती, बाप नाही.

गाडग्यात दोन सालांमागचं बी होतं. त्यावर आम्ही तरलो. बाबांनी कुपाटीवरचा कडू वेल मुळासकट उपटला, आणि मलाही ते बरोबर वाटलं.

त्याच सुमाराला बाबांनी परभणीहून भेंडीच्या बियांची पुडी आणली होती. तेव्हा हिंगोली जिल्हा व्हायचा होता. १९९९ पर्यंत आमचा जिल्हाही परभणीच. आमच्या भेंडीवर दरवर्षी हळद्या यायचा. पांढरी माशी तो पसरवते. पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, मग सगळं झाडच पिवळं. या पुडीतली झाडं हिरवीगार उभी राहिली. ‘परभणी क्रांती’, मराठवाडा कृषी विद्यापीठाने १९८५ मध्ये दिलेलं वाण. संकरित नव्हे, म्हणजे बी घरी धरता येतं आणि पुढच्या वर्षी तेच उगवतं. ती हिरवी कशी राहते, हे कळलं तेव्हा मी थांबलो. दिल्लीच्या ‘पुसा सावनी’ भेंडीचा संकर त्यांनी रानभेंडीच्या एका जातीशी केला होता आणि पुढे निवड करत हे वाण सिद्ध केलं होतं. हळद्याशी झुंजायचं बळ त्या रानातल्या बहिणीचं होतं.

आमच्या कुपाटीवरची बहीण आम्ही उपटून टाकली होती.

बदल्यांच्या गावी मी बी नेत राहिलो. भाड्याच्या खोल्यांमागे, शाळेच्या कुंपणाला वेल चढवले. मागतील त्यांना बिया दिल्या. दुकानातल्या संकरित पुड्याही लावून पाहिल्या. फळ भरघोस येतं, पण त्याचं बी धरलं की पुढच्या वर्षी प्रत्येक वेल निराळा. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला आपलं बी राखायचा, पेरायचा, देवाणघेवाण करायचा हक्क दिला आहे. मला तो कायदा मोलाचा वाटतो. पण हक्क असून हातातलं बी जसंच्या तसं उगवत नसेल, तर राखायचं काय?

निवृत्तीनंतर शिरडला परतलो. मागच्या ओढ्याकाठी कडू दोडकी अजून चढते. मी तिला हात लावत नाही. त्याऐवजी कामाला लागलो आहे. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं. दुपारी उशिरा, टोकाला पिवळी कड दिसणारी, खाली इवला दोडका असलेली मादी कळी शोधायची आणि तिचं तोंड दोऱ्याने हलकेच बांधायचं. तशीच एक नर कळीही बांधून ठेवायची. दिवेलागणीला दोन्ही सोडून नर फूल मादीवर फिरवायचं, मलमलची पिशवी चढवायची, देठाला दोरा बांधायचा. दोन-तीन दिवसांनी पिशवी काढली तरी चालते. माझ्या बायकोचा हात यात माझ्यापेक्षा हलका आहे. बहुतेक कळ्या तीच बांधते. मी कंदील धरतो.

यंदा सहा वेलांपैकी एक निराळा निघाला. धरतो लवकर, पानं निरोगी. पण शिरा उंच, कडक, आज्जीने कधीच न निवडलेल्या. बायकोने त्या काढून तीळ-लसणाची चटणी केली. सुटीला आलेल्या नातीने भाकरी बाजूला ठेवून नुसती चटणी खाल्ली आणि वाटी पुन्हा पुढे केली.

दुसऱ्या दिवशी मांडवाखाली आम्ही दोन चिंध्या बांधल्या. आज्जीच्या मऊ वेलाच्या कळ्यांना पांढरा दोरा, त्या नव्या वेलाच्या कळ्यांना लाल. गाडगं घरात एकच होतं. गुरुवारी जाऊन कुंभाराकडून दुसरं आणलं.