हिरव्या मातीवर

शार्लटहून साउथ कॅरोलायनातलं चार्ल्सटन गाडीने साडेतीन तासांवर. कोलंबिया मागे पडलं की रस्ता सपाट होतो आणि पाइनची झाडं काही केल्या संपत नाहीत. पुढे डॉन होल्ट पुलावरून कूपर नदी ओलांडली आणि डॅनियल आयलंड आलं. पार्किंगपासूनच बायकांचे घोळके दिसू लागले. आया, लेकी, टेनिस क्लबातल्या मैत्रिणी. इथल्या टेनिस स्पर्धेत पुरुषांचे सामने नसतातच.

कोर्ट हिरवट करडं. पॅरिसच्या ग्रँड स्लॅमची लाल माती म्हणजे विटांचा चुरा. ही मात्र व्हर्जिनियातल्या ब्लू रिज डोंगरांतला दगड दळून केलेली भुकटी. हा दगड मुळात बेसाल्ट, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या कुळातलाच, फक्त वयाने फार थोरला. लाल मातीपेक्षा यावर चेंडू जरा वेगाने येतो. त्यामुळे पॅरिसच्या तयारीतल्या खेळाडूंना ही माती धड ना इकडची ना तिकडची वाटते. वाटो बापडी.

मुख्य स्टेडियम सोडून आम्ही बाहेरच्या कोर्टाला चिकटून बसलो. एक मुलगी ड्रॉप शॉटच्या मागे सुटली, शेवटचे तीन-चार फूट पाय न उचलता घसरली आणि घसरता घसरताच तिने चेंडू नेटपलीकडे अलगद ठेवला. मागे बुटाचा लांबलचक ओरखडा. मग तिने रॅकेटने बुटांचे तळ ठोकले, तशा ओल्या मातीच्या खपल्या पडल्या. सेट संपल्यावर माणसं जाळी ओढत कोर्टभर फिरली, पट्ट्या झाडून पांढऱ्या केल्या आणि तो ओरखडा गेला.

ही स्पर्धा 1973 साली हिल्टन हेड बेटावर सुरू झाली. पहिलं विजेतेपद रोझी कॅसल्सचं. पुढे ख्रिस एव्हर्टने ती आठ वेळा जिंकली. 2001मध्ये स्पर्धा इथे आली. मला इथे ओढून आणलं ते मात्र सानिया मिर्झाने. एप्रिल 2015मध्ये मार्टिना हिंगिसबरोबर तिने इथली दुहेरी जिंकली आणि दुहेरीत जगात पहिली आली. भारतीय बाईने त्या जागी पोचण्याची ती पहिलीच वेळ.

बरोबर आलेल्या मावसबहिणीला त्याचं फारसं काही नव्हतं. तिचं म्हणणं, “तू अल्थिया गिब्सनच्या नावाचं कोर्ट बघ आधी.” अल्थियाचा जन्म याच साउथ कॅरोलायनातला, 1927चा. 1956मध्ये पॅरिसच्या मातीवर ती ग्रँड स्लॅम जिंकणारी पहिली कृष्णवर्णीय खेळाडू ठरली. इकडे तिच्या जन्मराज्यात तेव्हा बसमध्ये बसायच्या जागाही रंगावरून ठरत. त्या कोर्टावर दुहेरीचा सामना रंगला होता. भूक लागली होती, शहरात जाऊन कोळंबी आणि मक्याच्या कण्या खायचा बेत होता, पण पहिला सेट टायब्रेकला गेला आणि मावसबहीण म्हणाली, “बस गं, जेवण कुठे पळत नाही.”