दोन वाऱ्या, दोन कॅमेरे

२०१२च्या उन्हाळ्यात माझा जुना कॅमेरा बंद पडला आणि दुरुस्तीवाल्याने हात वर केले. नवा घ्यायला तीस हजारांच्या आतबाहेर रक्कम साठवली होती. तेवढ्या पैशांत त्या वेळी दोन तऱ्हेचे कॅमेरे येत होते. एक म्हणजे शिकाऊ माणसासाठीचा डीएसएलआर, कॅनन ११००डी किंवा निकॉन डी३१००, सोबत १८-५५ची किट लेन्स. दुसरा म्हणजे कॅनन एस१००सारखा चांगल्या प्रतीचा कॉम्पॅक्ट, जो सदऱ्याच्या खिशात मावतो. किमतीत फारसा फरक नव्हता, त्यामुळे निर्णय पैशांवर सोडता येईना.

मावसभाऊ डीएसएलआरच्या बाजूचा. त्याचं म्हणणं एकच होतं आणि ते खरंच होतं. ११००डीचा सेन्सर सुमारे २२ मिलिमीटर रुंद आणि १५ मिलिमीटर उंच, एस१००चा जेमतेम साडेसात बाय साडेपाच. त्याने वहीत दोन चौकोन काढून दाखवले. मोठ्यात लहान चौकोन जवळजवळ आठ वेळा बसत होता. मेगापिक्सेल दोन्हींकडे बाराच. "ताई, पाऊस सारखाच पडणार, पण परातीत जास्त साठेल की वाटीत?" असं त्याने विचारलं. उजेड कमी असला की हा फरक दिसतो, फोटोत दाणे कमी येतात, हे मलाही पटलं.

त्या वर्षी मी आत्याबरोबर आळंदी ते पंढरपूर पायी जाणार होते. माझी पहिलीच वारी. आत्या अकरा वर्षं जात होती, तिच्याच दिंडीत माझी सोय झाली होती. भावाने स्वतःचा ११००डी, किट लेन्स आणि ५५-२५०ची दुसरी लेन्स माझ्या हवाली केली. म्हणाला, "घेऊन जा, वापर, आणि आल्यावर काय ते ठरव." उसना मिळालेला कॅमेरा अडीच आठवडे रोज वापरून मग निर्णय घेता आला, हे माझं भाग्य. दुकानात काचेच्या कपाटापुढे दहा मिनिटं उभं राहून यातलं काही कळलं नसतं.

दिंडीत सामान ट्रकमधून पुढच्या तळावर जातं. वळकट्या, कपड्यांच्या पिशव्या, भांडी, सगळं. कॅमेरा ट्रकमध्ये टाकायची माझी हिंमत नव्हती, म्हणून तो कायम अंगावर. बॅटरीसकट बॉडी आणि दोन लेन्स मिळून एक किलोच्या वर वजन. पुणे ते सासवड हा सगळ्यांत लांबचा टप्पा, बत्तीस किलोमीटरच्या आसपास, त्यात दिवे घाट. हडपसर सुटेपर्यंत पट्टा मानेला काचायला लागला होता. घाटाच्या माथ्यावर आत्याने स्वतःच्या पिशवीतला पंचा काढला, त्याची घडी करून माझ्या मानेवर पट्ट्याखाली घातली आणि काही न बोलता पुढे चालायला लागली.

वजनाची सवय होते. जेजुरी येईपर्यंत झालीही. त्रास झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. दिंडीची ओळ चालत असते, अभंग चालू असतो, टाळ चालू असतात. त्यातला फोटो हवा तर मला ओळ सोडून बाहेर पडायला लागायचं, शंभर पावलं पुढे धावायचं, रस्त्याच्या कडेला जागा धरायची, लेन्स बदलायची, दिंडी समोर आली की चार-सहा फोटो घ्यायचे आणि मग मागे पडलेलं अंतर पुन्हा धावत भरून काढायचं. दिवसातून दहा-बारा वेळा हे व्हायचं. वाल्हे ते लोणंदच्या वाटेवर माझ्या लक्षात आलं की सकाळपासून एकही अभंग मी पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलेला नाही.

दुसरं म्हणजे बायका. आमच्या दिंडीत परभणीकडच्या काहीजणी होत्या. गळ्यात एवढा मोठा कॅमेरा बघून त्या मला पेपरवाली समजल्या. "ताई, कोन्त्या पेपरात येनार?" असं दोघी-तिघींनी विचारलं. कॅमेरा डोळ्याला लावला की पदर नीट व्हायचे, हसू थांबायचं, तुळस डोक्यावर असलेली बाई ताठ उभी राहायची. ते फोटो माझ्याकडे आहेत. तांत्रिकदृष्ट्या उत्तम आहेत. पण त्यातली एकही बाई मला रात्री पालात भेटलेल्या बाईसारखी दिसत नाही.

त्या वर्षी पावसाने ओढ दिली होती. आषाढी एकादशी ३० जूनला होती आणि फलटणपासून पुढे रस्ता म्हणजे नुसता फुफाटा. अशा धुळीत रस्त्यावर उभं राहून लेन्स बदलायची नसते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी इलाज नव्हता, कारण जवळचं आणि लांबचं यांसाठी लेन्सच दोन. सेन्सरवर कण बसला आणि बरडच्या पुढच्या प्रत्येक फोटोत आभाळाच्या उजव्या कोपऱ्यात तोच करडा ठिपका आला. याच गडबडीत एकदा लेन्सचं झाकणही पडलं. संध्याकाळी तळावर समाजआरतीला सगळ्या दिंड्या जमतात. चोपदारांनी चोप उंचावला की लाखोंचा तळ क्षणात शांत होतो आणि हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारल्या जातात. त्या संध्याकाळी चष्मा आणि पिशव्यांबरोबर कॅमेऱ्याचं काळं झाकणही पुकारलं गेलं. कुणा माउलीला ते पायाखाली सापडलं होतं आणि एवढीशी वस्तू जपून त्याने पोचती केली होती.

आता डीएसएलआरच्या बाजूने जे खरं आहे ते सांगते. पहिलं, बॅटरी. ती एकदा भरली की सहाशे-सातशे फोटो निघतात, कारण व्ह्यूफाइंडरमधून बघायला वीज लागत नाही. वारीत चार्जिंग म्हणजे जनरेटर लावलेल्या टपरीवर पैसे देऊन, मोबाइलच्या गर्दीत आपला चार्जर घुसवायचा. अडीच आठवड्यांत मला हे तीनदाच करावं लागलं.

आणि दुसरं, पुरंदवड्याचं गोल रिंगण. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं तेव्हा पुढच्या माणसांच्या पाठींखेरीज मला काही मिळालं नव्हतं. पुरंदवड्याला मात्र कडेच्या उंचवट्यावर जागा मिळाली. मैदानात टाळकरी, पताका, विणेकरी गोलात उभे. आधी स्वाराचा अश्व सुटला, मागून माउलींचा, पाठ रिकामी. कारण त्या पाठीवर माउली बसलेले आहेत ही सगळ्यांची श्रद्धा. मोठी लेन्स लावलेली होती, शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर. बटण दाबून धरलं. हा कॅमेरा सेकंदाला तीनच फोटो काढतो, पण त्या तिनांतल्या एकात माउलींचा अश्व पूर्ण अधांतरी आहे, चारही पाय जमिनीच्या वर, खाली धूळ आणि मागे शेकडो जोडलेले हात. रिंगण संपल्यावर लोक टापांखालची माती कपाळाला लावायला धावले आणि मी तिथेच उभी राहून मागच्या स्क्रीनवर तो फोटो बघत राहिले.

परत आल्यावर भावाला कॅमेरा दिला आणि कॉम्पॅक्ट घेतला. तो नाराज झाला. रिंगणाचा फोटो बघून तर अधिकच, "हा त्या डबीतून येणार नाही," म्हणाला. त्याचं खरं होतं हे पुढच्याच वर्षी दिसलं.

२०१३च्या वारीला पाऊस वेळेवर होता. छोटा कॅमेरा दुधाच्या पिशवीत घालून, तोंडाला रबर लावून मी कमरेच्या कसावर बांधला. भिजलेल्या दिवे घाटात तो एका हाताने बाहेर निघायचा, दुसऱ्या हातात टाळ तसाच. ओळ सोडायला लागायची नाही. माझ्या पुढे तुळस घेतलेली बाई चालत होती, शेजारी आत्या, आणि फोटो निघायचे ते या दोघींमधल्या दीड हाताच्या जागेतून. २४ मिलिमीटर एवढी रुंद नजर असल्यामुळे तेवढ्या जागेतही दोघी आणि मागचा घाट मावायचा. आवाज बंद केला की कुणाला पत्ता लागत नसे. ज्यांना लागे त्या बायका म्हणत, "दाव बघू," आणि चालता चालता सगळ्या त्या इवल्या स्क्रीनवर वाकत. पेपरचं कुणीच विचारलं नाही.

रात्रीच्या पालातल्या फोटोंचं मला आश्चर्य वाटलं. मोठ्या सेन्सरचा आठपट फायदा तिथे दिसायला हवा होता. पण किट लेन्सचं तोंड रुंद बाजूलासुद्धा एफ ३.५च्या पलीकडे उघडत नाही, आणि एस१००ची लेन्स एफ २पर्यंत उघडते. म्हणजे छोट्या कॅमेऱ्याच्या सेन्सरवर तिपटीने दाट उजेड पडतो आणि आठपट फायदा उतरून अडीचपटीवर येतो. डीएसएलआर घेऊन किट लेन्सवरच थांबणाऱ्याने हे गणित जरूर करावं. बरोबर ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स घेतली तर डीएसएलआर पुन्हा कितीतरी पुढे जातो, मात्र त्या कॅमेऱ्यावर ती जवळचं दृश्य एवढं कापते की आमच्या पालात मला कनातीला पाठ टेकूनही आत्याचा चेहराच फक्त मिळाला असता. मला हवं होतं ते सगळं दृश्य: एका दिव्याखाली आत्या पाय पसरून बसलेली, परभणीच्या मावशी तिच्या टाचांना तेल चोळताहेत आणि कडेला उद्याच्या भाकरीचं पीठ झाकून ठेवलेलं. तो फोटो आहे माझ्याकडे. दाणे आहेत त्यात, सावलीत बरेच. चार बाय सहाच्या कागदावर एकही दिसत नाही. तेवढ्या प्रिंटला अठराशे बाय बाराशे, म्हणजे बावीस लाखांहून कमी पिक्सेल पुरतात. आणि भाऊ व मी दोन महिने बारा मेगापिक्सेलवर बोलत होतो.

बॅटरीने मात्र छळलं. जेमतेम दोनशे फोटो झाले की संपे, म्हणून मला जादा दोन घ्याव्या लागल्या. उन्हात स्क्रीन दिसत नसे आणि व्ह्यूफाइंडर नसल्यामुळे अंदाजाने फोटो काढावे लागत.

आणि पुरंदवडे. तोच उंचवटा नाही मिळाला, पण जागा वाईट नव्हती. अश्व समोर आला, बटण दाबलं, कॅमेरा फोकस शोधत राहिला. त्या काळच्या कॉम्पॅक्टची रीतच अशी होती: लेन्स पुढेमागे हलवत चित्र सगळ्यांत ठसठशीत कुठे होतं ते चाचपडायचं. डीएसएलआरमध्ये आरशाखाली फोकससाठी वेगळा सेन्सर असतो, त्याला किती आणि कोणत्या दिशेला सरकायचं हे एकदम कळतं. माझ्या फोटोत रिकामं मैदान आलं, दुसऱ्यात पुसट शेपूट. तिसऱ्या फेरीला मी कॅमेरा पिशवीत घातला आणि डोळ्यांनी अश्व बघितला. टापांचा आवाज छातीत कसा वाजतो ते मला त्या वर्षी कळलं.

मला कुणी विचारलं तर मी आधी विचारते की फोटो काढताना तुम्ही कुठे असणार? मुलीची कबड्डी मैदानाबाहेरून बघणार, भिगवणला रोहित पक्ष्यांसाठी पहाटे होडीत बसणार, तर डीएसएलआर घ्या आणि किट लेन्सपुढच्या लेन्ससाठी पैसे बाजूला ठेवा. स्वतःच त्या गर्दीत असाल, एक हात कामात असेल, कडेवर पोर असेल, तर छोटा घ्या. आता हे दोन्ही प्रकार दुकानांतून मागे पडलेत, कॉम्पॅक्टची जागा तर मोबाइलनेच घेतली. पण जुने कॅमेरे खरेदी-विक्रीत फिरताहेत आणि माझ्या भाचीसारखी तरुण मुलं ते शोधताहेत, म्हणून हे लिहिलं. घेण्याआधी कुणाचा तरी आठवडाभर मागून आणा.

दोन्ही वर्षांनंतर मी दिंडीतल्या लोकांना प्रिंट पाठवल्या. दुसऱ्या वर्षीच्या छोट्या कॅमेऱ्यातल्या चाळीसेक गेल्या, पहिल्या वर्षीच्या अकरा. परभणीच्या मावशींच्या घरी तेल चोळतानाचा फोटो भिंतीवर आहे असं आत्या सांगते. आमचे विणेकरी बाबा मात्र दोन्ही वर्षांतल्या फोटोंमधून एकच मागून घेऊन गेले, पुरंदवड्याचा, चारही पाय अधांतरी असलेला. त्यांनी तो चौकटीत बसवून देवघरात ठेवला आहे. त्यानंतर मी सहा वाऱ्या केल्या, सगळ्या छोटा कॅमेरा घेऊन. अश्वाचा तसा दुसरा फोटो माझ्याकडे नाही.