सतरा सामन्यांचा पाहुणा

जुलै संपत आला की मिलवॉकीत ट्रेडचं वारं सुटतं. ब्रुअर्स हा इथला बेसबॉल संघ कोणाला आणणार, बदल्यात कोणत्या होतकरू पोराला सोडणार, यावर ऑफिसात कॉफीच्या मशीनपाशी रोज चर्चा झडते. या चर्चेत कोणीतरी हमखास म्हणतं, "2008 साली सबाथियाला आणून काय मिळालं? पहिल्याच फेरीत हरलो आणि तो गेला न्यूयॉर्कला." यंदा हे बोलणारा तर तेव्हा शाळेत असेल. हे वाक्य मला सहन होत नाही. तेव्हा एकदा सगळं नीट मांडतोच.

सी. सी. सबाथिया हा डावखुरा, धिप्पाड पिचर 7 जुलै 2008 रोजी क्लीव्हलँडहून इथे आला. आदल्या वर्षी त्याला सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला होता. त्याचा करार त्या मोसमाअखेर संपत होता आणि पुढचा करार मिलवॉकीला परवडणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मिलवॉकी जेमतेम सहा लाख वस्तीचं शहर. संघ 1982 नंतर एकदाही प्लेऑफमध्ये गेला नव्हता. त्या वर्षी संघ शर्यतीत होता खरा, पण तरणाबांड पिचर गायार्डो गुडघ्याच्या दुखापतीने मे महिन्यातच बाहेर पडला होता. राहिला बेन शीट्स, आणि त्याच्या हाताचा भरवसा नव्हता.

सबाथियाने इथे 17 सामने सुरू केले. 11 जिंकले, 2 हरले, आणि दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची सरासरी 1.65. त्यातले सात सामने त्याने एकट्याने शेवटपर्यंत टाकले. हल्ली अख्ख्या मोसमात एवढे पूर्ण सामने टाकणारा पिचर शोधून सापडत नाही.

आपल्याकडच्या वाचकांना इथे एक गोष्ट सांगावी लागेल. क्रिकेटमधला उत्तम गोलंदाज प्रत्येक सामन्यात असतो, पण त्याच्या वाट्याला थोडीच षटकं येतात. बेसबॉलचा स्टार्टर, म्हणजे सामना सुरू करणारा पिचर, पाच दिवसांतून एकदा येतो, पण आला की सामना बराचसा त्याच्या एकट्याच्या हातात असतो. उरलेले चार दिवस तो कठड्याला टेकून बसतो. त्यामुळे "एक माणूस येऊन असा काय फरक पडणार?" हा प्रश्न चुकीचा नाही. 162 सामन्यांपैकी त्याच्या हातात 17.

आता हिशोब करू. ब्रुअर्सने त्या मोसमात 90 सामने जिंकले. सबाथियाच्या 17 पैकी 14. उरलेल्या 145 पैकी 76, म्हणजे निम्म्याहून किंचित जास्त. त्याच दराने हे 17 सामने दुसऱ्या कोणी टाकले असते तर साधारण नऊ जिंकले असते. म्हणजे सबाथियामुळे पाच विजय वाढले. आणि तो सातव्या-आठव्या इनिंगपर्यंत टिकायचा, त्या दिवशी बुलपेनमधल्या राखीव पिचरांचे हात वाचायचे, त्याचा फायदा दुसऱ्या दिवशीच्या सामन्याला. तो कोणत्याच आकड्यात धरलेला नाही.

पाच विजय ऐकायला थोडे वाटतात. पण वाइल्ड कार्डच्या, म्हणजे प्लेऑफमधल्या शेवटच्या जागेच्या, शर्यतीत आपण 90 वर आणि न्यूयॉर्क मेट्स 89 वर थांबले. एका सामन्याचा फरक! सगळं म्हणणं इथेच येतं. दहा सामने मागे असलेल्या संघाला सबाथियासारखे दोन आणले तरी उपयोग नाही. दहा सामने पुढे असलेल्याला त्याची गरज नाही. काठावर उभ्या असलेल्या संघालाच असा माणूस पार नेतो. त्याची किंमत त्याच्या हातात जेवढी असते तेवढीच संघ कुठे उभा आहे यात असते. मेल्विन या जनरल मॅनेजरने ती जागा ओळखली, आणि म्हणून मी त्या निर्णयाला आजही शंभर टक्के बरोबर म्हणतो.

मी नागपूरचा, त्यामुळे मला हे सगळं विदर्भाच्या रणजी संघावरून कळतं. मुंबई-दिल्लीपुढे आपला संघ म्हणजे तेव्हा साखळी सामने खेळून घरी येणारा. मुंबईकडून आठ रणजी जिंकलेला वसीम जाफर 2015 मध्ये विदर्भाकडे आला, नंतर चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले, आणि जानेवारी 2018 मध्ये इंदूरला दिल्लीला हरवून विदर्भाने पहिल्यांदा रणजी जिंकली. अंतिम सामन्यात हॅटट्रिक घेतली रजनीश गुरबानीने, आपल्याच पोराने. विजयी धाव मात्र जाफरच्या बॅटीतून आली. पुढच्या वर्षी नागपूरच्या जामठ्याला सौराष्ट्राला हरवून पुन्हा करंडक, आणि त्या मोसमात चाळिशीतल्या जाफरच्या हजारावर धावा. नागपुरात कोणी म्हणालं का, की हा मुंबईचा, याच्या धावा आपल्या नाहीत? मी तर नाही ऐकलं. उलट कर्णधार फैज फजलपासून सगळ्यांच्या वागण्यात फरक पडला, जिंकता येतं हे त्यांना दिसलं. जाफर काही मोसम राहिला, सबाथिया तीन महिनेही नव्हता, हा फरक मला मान्य आहे. पण आपल्या लहान गावाच्या संघात एखादा मोठा माणूस मनापासून खेळला की गावाची मान कशी ताठ होते, हे मी दोन्हीकडे बघितलंय. 2008 मध्ये ब्रुअर्सच्या मैदानावर पहिल्यांदा 30 लाखांवर प्रेक्षक आले. ते तिकिटाच्या हिशोबाने आले नव्हते.

सप्टेंबरात संघ ढेपाळला. बारा सामने उरलेले असताना व्यवस्थापक नेड योस्टला काढलं. शीट्सचा हात गेला. तेव्हा सबाथियाने आपणहून चेंडू मागितला. चारऐवजी तीनच दिवसांची विश्रांती घेऊन तो 20, 24 आणि 28 सप्टेंबरला उतरला. काही महिन्यांत ज्याला कोट्यवधी डॉलरचा करार मिळणार आहे, त्याने दुसऱ्याच्या गावासाठी खांदा असा पणाला लावायचा, हे इथल्या व्यवहारी जगात फार क्वचित घडतं.

28 तारखेला शिकागो कब्जविरुद्ध 1-1 अशी बरोबरी होती. आठव्या इनिंगमध्ये रायन ब्रॉनने होम रन मारली, 3-1. नववी इनिंग टाकायला पुन्हा सबाथियाच आला. तोवर त्याचा शर्ट घामाने अंगाला चिकटला होता, टोपी नेहमीसारखी तिरकी. सामना संपला तरी कोणी घरी गेलं नाही. मेट्सचा सामना मोठ्या पडद्यावर लावला होता. ते फ्लोरिडाकडून 4-2 हरले आणि माझ्या शेजारची म्हातारी बाई मला मिठी मारून रडायला लागली. तिला 1982 आठवत होतं.

आता "पहिल्याच फेरीत हरलो" याविषयी. 2 ऑक्टोबरला फिलाडेल्फियात तो पुन्हा तीनच दिवसांच्या विश्रांतीनंतर उतरला. दुसऱ्या इनिंगमध्ये दोन बाद असताना त्यांच्या पिचर मायर्सने, ज्याला बॅटिंग धड येत नाही त्याने, नऊ चेंडू खेळून काढले आणि वॉक, म्हणजे फुकटचा पहिला बेस, मिळवला. थोड्याच वेळात शेन व्हिक्टोरिनोने ग्रँड स्लॅम, म्हणजे चार धावांची होम रन, मारली. हात थकला होता, हे टीव्हीवरही दिसत होतं. त्या दिवशी त्याला उतरवायला नको होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. पण पाचपैकी तीन सामन्यांच्या मालिकेत एक पिचर जास्तीत जास्त दोन सामने टाकणार. लांबच्या मोसमात जो काठावरून पार नेतो, तो छोट्या मालिकेची हमी देऊ शकत नाही. तिथे नशीब फार बोलतं. आणि ज्या फिलाडेल्फियाने हरवलं, तेच त्या वर्षी विश्वविजेते झाले.

किंमत मात्र द्यावी लागली, ते लपवण्यात अर्थ नाही. चार जण दिले. त्यातला ज्याच्यासाठी सगळे हळहळले तो मॅट लापोर्टा फारसा चमकला नाही. शेवटी ज्याचं नाव ठरलं तो मायकेल ब्रँटली क्लीव्हलँडचा आधार झाला. त्याहून कडू उदाहरण डेट्रॉइटचं. 1987 च्या ऑगस्टमध्ये त्यांनी डॉइल अलेक्झांडरला आणलं, तो 9-0 जिंकला, संघ दोन सामन्यांनी विभागात पहिला आला, आणि प्लेऑफमध्ये अलेक्झांडरचे दोन्ही सामने गेले. बदल्यात दिलेला मिशिगनचाच पोरगा जॉन स्मोल्ट्झ हॉल ऑफ फेममध्ये गेला. डेट्रॉइटकरांचं दुःख मला समजतं. तरीही 1987 चा तो सप्टेंबर त्यांना मिळाला, हेही खरं.

सामना पिचरच्या हातात असतो, म्हणून जाता जाता एक उपयोगाचं. उन्हाळ्यात भारतातून आईवडील, सासूसासरे आले की आपण त्यांना मॅचला नेतो आणि बहुतेक वेळा स्वस्त तिकिटाचा दिवस बघतो. तसं करू नका. आधी बघा, पिचर कोण आहे. दोन्ही संघांच्या पुढच्या काही दिवसांच्या स्टार्टरची नावं जाहीर होतात. नाव नसेल तर आपल्या आवडत्या पिचरने शेवटचं कधी टाकलं ते बघा आणि पाचवा दिवस मोजा, मध्ये सुट्टी असेल तर एक दिवस पुढे सरकवा. इथे छप्पर मिटतं, त्यामुळे पावसाने बेत बिघडायची भीती नाही. जागा वरच्या मजल्यावरची चालेल, पण बॅट्समनच्या बरोबर मागची घ्या. तिथूनच चेंडू कसा वळतो, कुठे पडतो हे कळतं, आणि क्रिकेट बघितलेल्या माणसाला अर्ध्या तासात खेळ आपला वाटायला लागतो. बाजूची महाग तिकिटं या कामाची नाहीत. पार्किंगमध्ये तास-दीड तास आधी पोचा, शेगडीवर भुट्टे भाजा, लिंबू-तिखट घरून न्या.

सबाथिया 2025 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. त्याच्या फलकावरची टोपी न्यूयॉर्क यांकीजची आहे, आणि ते रास्तच आहे, तिथे त्याने अकरा मोसम काढले. पण पुढच्या जुलैत कॉफीच्या मशीनपाशी कोणी तुम्हाला विचारलं, की त्याला आणून मिलवॉकीला काय मिळालं, तर एवढंच सांगा: 90 आणि 89.