वस्तूची हकीकत

बाजारात केवळ वस्तू विकली जात नाही. तिच्याबरोबर तिची हकीकतही विकली जाते. तांब्याचा हंडा घेणारा गिऱ्हाईक तो वाजवून पाहतो. पैठणी घेणारी गृहिणी पदर उलटा करून विणकाम न्याहाळते. तरीही वस्तू किती जुनी, कोणी घडवली, कोठून आली, हे विक्रेता सांगेल तेच बहुधा ऐकावे लागते. व्यवहाराचा हा भाग विश्वासावर चालतो, आणि लबाड विक्रेता नेमका याच विश्वासाचा व्यापार करतो.

संगणकावरील लिलावाने ही अडचण अधिक वाढवली. भारतात 2000 साली ‘बाझी डॉट कॉम’ हे लिलावाचे संकेतस्थळ सुरू झाले. 2004 मध्ये ते ‘ईबे’ या अमेरिकी कंपनीने विकत घेतले. अशा लिलावात वस्तू हाताळता येत नाही, विक्रेत्याचा चेहरा दिसत नाही. दिसते ते एक छायाचित्र आणि चार ओळींचे वर्णन. मग कोणी अस्सल वस्तूचे चित्र दाखवून नक्कल पाठवतो. कोणी आपल्याच माणसाला दुसऱ्या नावाने बोली लावायला सांगून किंमत चढवतो. कोणी संकेतस्थळाबाहेर, थेट आपल्या खात्यात पैसे मागतो आणि पैसे मिळताच नाहीसा होतो.

अशा फसवणुकीला केवळ भोळा किंवा अडाणी माणूसच बळी पडतो, अशी समजूत आहे. ती किती चुकीची आहे, हे तंजावरच्या एका चित्राने दाखवून दिले. त्या चित्राचा व्यवहार संगणकावर झाला नव्हता. पण खोट्या हकीकतीची रीत तीच होती.

तंजावर आणि मराठी भाषा यांचे नाते जुने आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात तेथे भोसल्यांचे राज्य स्थापन केले. पुढे सरफोजीराजे (दुसरे) यांनी तेथील सरस्वती महाल ग्रंथालय जगभर नावारूपाला आणले. सरफोजी आणि त्यांचे पुत्र शिवाजी यांचे एक चित्र एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काढले गेले. तमिळनाडू पोलिसांच्या तपासानुसार हे चित्र सरस्वती महालातून चोरीला गेले. 2006 मध्ये न्यूयॉर्कमधील कलावस्तूंचे विक्रेते सुभाष कपूर यांच्याकडून ते अमेरिकेतील ‘पीबॉडी एसेक्स’ संग्रहालयाने 35,000 डॉलरला विकत घेतले. संग्रहालयात जाणकारांची वाण नव्हती. पण विक्रीसाठी चित्राच्या पूर्वीच्या मालकीची खोटी हकीकत रचण्यात आली होती. हे उघड झाल्यावर 2015 मध्ये संग्रहालयाने ते चित्र अमेरिकी तपास यंत्रणेच्या स्वाधीन केले.

तंजावरच्या शेजारी, अरियलूर जिल्ह्यातील श्रीपुरंदान येथील चोळकालीन नटराजाची कथाही अशीच आहे. देवळातून चोरलेली ही पंचधातूची मूर्ती 2008 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाने कपूर यांच्याकडून सुमारे 50 लाख अमेरिकी डॉलरला घेतली. मूर्ती फार पूर्वीच, पुरावस्तूंविषयीचा 1972 चा कायदा होण्याआधी, भारताबाहेर गेली होती, असे कागदपत्रांत दाखवले होते. परंतु पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेत 1994 मधील एक छायाचित्र जपून ठेवलेले होते. त्यात तीच मूर्ती श्रीपुरंदानच्या देवळात उभी होती. एका छायाचित्रापुढे सारे कागद निकामी ठरले. सप्टेंबर 2014 मध्ये मूर्ती भारताला परत मिळाली.

कायद्याची पावले हळू पडली, पण थांबली नाहीत. 2011 मध्ये कपूर यांना जर्मनीत अटक झाली आणि 2012 मध्ये त्यांना भारताच्या ताब्यात देण्यात आले. उदयारपाळयम येथील वरदराज पेरुमाळ मंदिरातून चोरीला गेलेल्या 19 मूर्तींच्या खटल्यात त्यांना 1 नोव्हेंबर 2022 रोजी दहा वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावण्यात आली. न्यूयॉर्कच्या झगमगत्या दालनातील व्यापाराचा हिशेब अखेर तंजावर जिल्ह्यातील कुंभकोणमच्या न्यायालयात मांडला गेला.

लहान व्यवहारालाही कायदा तसाच लागू होतो. खोटे सांगून पैसे उकळणे ही फसवणूक आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम 420 खाली, तर 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली तिला सात वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली आहे. संगणकाच्या आधारे दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्यानुसार तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तंजावर चित्रशैलीला भौगोलिक मानांकन लाभले असल्याने, भलत्याच ठिकाणच्या नकला त्या नावाने विकणे हाही गुन्हा ठरतो.

‘देवळातील प्राचीन मूर्ती’ म्हणून कोणी पडद्यावर काही विकू लागला, तर एक साधा विचार पुरतो. मूर्ती नवी असेल, तर ती फसवणूक आहे. ती खरोखर शंभर वर्षांहून जुनी असेल, तर परवान्याविना तिचा व्यापार करणे आणि खासगी व्यक्तीने ती देशाबाहेर पाठवणे 1972 च्या कायद्याने निषिद्ध आहे. शिवाय चोरीच्या मालाचे पैसे मोजले, म्हणून घेणाऱ्याला त्याची मालकी मिळत नाही.

म्हणून सुज्ञ ग्राहक पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याचे नाव, पत्ता, पावती आणि वस्तूची पूर्वपीठिका विचारतो. वर्णनाची व संभाषणाची प्रत जपून ठेवतो. फसवणूक झालीच, तर लाजेने गप्प न बसता 1930 या क्रमांकावर तत्काळ तक्रार करतो. फ्रेंच संस्थेतील ते छायाचित्र टिपणाऱ्याला पुढे कोणती चोरी होणार, याची कल्पना नव्हती. त्याने केवळ आपली नोंद नीट ठेवली होती, आणि तीच नोंद वीस वर्षांनी देवाला घरी घेऊन आली. ग्राहकाने जपलेली साधी पावतीदेखील अशीच कामाला येते.