माऊस कोणाच्या हाती?

स्मरणिकेसाठी लेख मागवणारे शाळेचे पत्र आले, तेव्हा वसतिगृहातील दिवसांविषयी लिहावे असे प्रथम मनात आले. परंतु त्या आठवणी माझ्या आधीच्या अनेक विद्यार्थ्यांनी लिहिल्या आहेत आणि माझ्याहून सरस लिहिल्या आहेत. मी सध्या बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गणित ही माझी अध्यापन पद्धती. काही महिन्यांनी, संधी मिळाली तर, मी शिक्षिका म्हणून वर्गात उभी राहीन. ज्या प्रश्नाने गेले वर्षभर माझे मन व्यापले आहे, तो वर्गातील संगणकाचा आणि मोबाईलचा आहे. म्हणून त्याविषयीच लिहिते.

बी.एड.चा अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा झाला. त्यात वीस आठवडे प्रत्यक्ष शाळेत काढावे लागतात आणि ‘माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाचे चिकित्सक आकलन’ असा एक विषयही असतो. या लांबलचक नावातील ‘चिकित्सक’ हा शब्द मला सर्वांत मोलाचा वाटतो आणि व्यवहारात नेमका तोच गळून पडतो. पाठ टाचणात ‘शैक्षणिक साधने’ असा रकाना असतो. तेथे ‘प्रोजेक्टर’ असे लिहिले की निरीक्षक समाधानी होतात. मग पाठ्यपुस्तकातील परिच्छेदच रंगीत पार्श्वभूमीवर पडद्यावर येतो आणि छात्राध्यापक तो वाचून दाखवतो. खडूची धूळ वाचते, एवढाच काय तो लाभ.

पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर या दोन अभ्यासकांनी २००६ मध्ये मांडलेला विचार आम्हांला शिकवला जातो. आशयाचे ज्ञान, अध्यापनशास्त्राचे ज्ञान आणि तंत्रज्ञानाचे ज्ञान ही तीन वेगवेगळी गाठोडी नव्हेत. ती जेथे एकमेकांत मिसळतात तेथे शिक्षकाचे खरे काम सुरू होते, असा त्याचा आशय. परीक्षेपुरते हे मला पाठ होते. ते समजले मात्र दहावीच्या दोन तुकड्यांमुळे.

‘अर्धवर्तुळातील अंतर्लिखित कोन काटकोन असतो’ हे प्रमेय मला दोन्ही तुकड्यांना शिकवायचे होते. साधन म्हणून जिओजेब्रा घेतले. भूमितीच्या आकृत्या काढून त्या हलवून पाहता येतील असे हे विनामूल्य सॉफ्टवेअर आहे. ‘अ’ तुकडीच्या वर्गात तार आखूड होती, त्यामुळे संगणक माझ्या टेबलावरच राहिला. मी वर्तुळावरील बिंदू सरकवत होते, पडद्यावर कोनाचे माप ९० अंशांवर स्थिर होते आणि मुली एका सुरात ‘हो बाई’ म्हणत होत्या. पाठ उत्तम झाला, असा शेरा वहीत मिळाला. ‘ब’ तुकडीचा तास संगणक कक्षात होता. तेथे सात संगणक चालू होते. एकेका संगणकाभोवती पाच-सहा मुली बसल्या आणि माऊस त्यांच्या हाती गेला. दहा मिनिटे नुसता गोंधळ. मग मागच्या कोपऱ्यातून एका मुलीने विचारले, “बाई, बिंदू वर्तुळावरून खाली ओढला तर?” तिने तो आधीच ओढला होता. बिंदू वर्तुळाच्या आत आला की कोन ९० अंशांहून मोठा होतो, बाहेर गेला की लहान होतो. हे पुस्तकात त्या प्रमेयाखाली दिलेले नव्हते. हा प्रश्न तिने स्वतः निर्माण केला होता.

साधन तेच, प्रमेय तेच, शिकवणारीही तीच. फरक एवढाच, की एका वर्गात माऊस माझ्या हाती होता आणि दुसऱ्या वर्गात मुलींच्या.

अर्थात माऊस हाती आला म्हणजे सारे साधले, असे नाही. त्याच तासाला दुसरी एक विद्यार्थिनी म्हणाली, “आता सिद्धता कशाला? संगणक तर ९० दाखवतोच आहे.” मला हा प्रश्न फार आवडला. कोणी सांगितले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून मानू नये, ही कालाम सुत्ताची शिकवण आपल्या शाळेत वाढलेल्या कोणालाही नवी नाही. यंत्र दाखवते म्हणूनही मानू नये, इतकीच भर त्यात घालावी लागते. आम्ही फळ्याकडे वळलो. वर्तुळाच्या केंद्रापासून त्या बिंदूपर्यंत त्रिज्या काढली, दोन समद्विभुज त्रिकोण तयार झाले आणि उरलेले काम खडूने केले. पडद्याने शंका जागी केली, फळ्याने ती फेडली.

आपल्या शाळेच्या दृष्टीने या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. दिवसा शाळेत येणाऱ्या मुलांबाबत शिक्षक गृहीत धरतात, की संगणक वर्गात नसला तरी घरचा मोबाईल असेल. २०१७ मध्ये सुरू झालेला दीक्षा मंच, पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोड, ही सारी व्यवस्था या गृहीतावर उभी आहे. वसतिगृहातील मूल तो कोड पाहते आणि पान उलटते. त्याच्या घरीही बहुधा एकच मोबाईल असतो आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो. अशा मुलाला ही साधने हाताळण्याची जागा एकच: वर्ग. तेथेही ती केवळ शिक्षकाच्या हाती राहिली, तर ते मूल अकरावीत शहरात जाईल आणि ऑनलाईन अर्ज भरण्यासाठी दुकानदाराला पैसे मोजील. आपल्यापैकी कित्येकांनी ते मोजले आहेत.

एक प्रसंग मात्र मला अजून सतावतो. मराठी पद्धतीच्या माझ्या सहाध्यायिनीचा पाठ मी निरीक्षणासाठी पाहत होते. मुलांनी बोलायचे आणि मोबाईलने ते लिहायचे, असा उपक्रम होता. एका मुलाने आपल्या आजीचे बोलणे सांगायला घेतले. त्यात ‘कामून’ हा शब्द आला. यंत्राने दुसराच शब्द लिहिला. मुलाने तो पुन्हा उच्चारला, मोठ्याने उच्चारला. पुन्हा भलतेच उमटले. मग त्याने ‘का’ म्हटले आणि यंत्राने ते अचूक लिहिले. वर्ग हसला नाही, कोणी रागावले नाही, तरी त्या मुलाने आजीचा शब्द गिळला. तुमची भाषा अशुद्ध आहे, असे आपल्या आधीच्या पिढ्यांनी माणसांच्या तोंडून ऐकले. आता तेच एक यंत्र न बोलता सांगत होते. माझ्या सहाध्यायिनीने त्या वेळी जे केले ते कोणत्याही टाचणात नव्हते. तिने बोलून लिहिणे थांबवले, कळफलक उघडला आणि त्या मुलाला म्हणाली, “तुझ्या आजीचा शब्द तू स्वतः टाईप कर.” क, काना, म, उकार, न. कळफलकाने निमूटपणे ‘कामून’ लिहिले.

माझे प्रशिक्षण संपत आले आहे. आपल्या शाळेच्या गणित कक्षासाठी काही करावे, असे मुख्याध्यापकांशी बोलणे झाले आहे. जिओजेब्रा मोबाईलवर एकदा घेतले की इंटरनेटविना चालते. विज्ञानाच्या प्रयोगांसाठी कोलोराडो विद्यापीठाने तयार केलेली फेट प्रारूपे मराठीत आहेत आणि तीही उतरवून ठेवता येतात. भारनियमनाच्या वेळी संगणक बंद पडतो, भरलेला मोबाईल पडत नाही. चार मुलांमागे एक धरला, तर एका तुकडीला दहा-बारा पुरतील. माजी विद्यार्थ्यांच्या घरी नवा मोबाईल आल्यावर कपाटात पडून राहिलेला जुना असतोच. तो शाळेच्या कार्यालयात आणून द्यावा, ही विनंती. काचेला तडा असला तरी हरकत नाही, सिमकार्ड नको. आपली छायाचित्रे आणि संदेश आधी पुसून घ्यावेत, आणि चार्जर मात्र आठवणीने सोबत आणावा.