उणे दोन

एका शाळेतली मुलं माझ्या हट्टापायी दोन महिने वायफायवाचून राहिली. कुणी विचारलं तर ‘तांत्रिक अडचण होती’ असं सांगून मी वेळ मारून नेत आलो. अडचण तांत्रिक नव्हती. ती माझ्या मनात होती.

२०१९ सालची गोष्ट. भोर तालुक्यातल्या एका शाळेला नऊ जुने लॅपटॉप देणगी मिळाले होते. त्यांवर लिनक्स बसवून द्यायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. डेबियन या लिनक्स वितरणाची दहावी आवृत्ती नुकतीच आली होती. सगळं सुरळीत झालं, फक्त वायफाय चालेना. लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, नोंदी उघडल्या तर कारण स्वच्छ लिहिलेलं होतं: फर्मवेअर लोड झालं नाही, एरर उणे दोन. म्हणजे मागितलेली फाइल सापडली नाही.

ती का सापडली नाही, हे मला ठाऊक होतं. संगणक सुरू होताना प्रत्येक उपकरण आपला ओळख क्रमांक सांगतं आणि त्याच्याशी जुळणारा ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून कर्नलमध्ये येतो. इंटेलच्या वायफाय कार्डाचा ड्रायव्हर खुला आहे, त्यातली ओळ न ओळ वाचता येते. पण कार्डावर स्वतःचा छोटा प्रोसेसर असतो आणि त्याचा प्रोग्राम, म्हणजेच फर्मवेअर, कार्डावर कायमचा साठवलेला नसतो, तो वेगळ्या फाइलमध्ये असतो. ड्रायव्हर ती फाइल नावानिशी मागतो. कर्नल ती डिस्कवरून उचलतो आणि ती कार्डाच्या हवाली होते. ही फाइल इंटेल वाटू देते, तिचा सोर्स मात्र देत नाही. म्हणून डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ती तेव्हा नसायची. ‘नॉन-फ्री’ विभाग चालू करून एक पॅकेज घातलं असतं तर दहा मिनिटांत काम झालं असतं.

मी घातलं नाही. माझ्या हातून कुठल्याही मशिनवर बंद कोड जाणार नाही, असा माझा नेम होता. त्यामागे खरी तळमळ होती. आपल्या संगणकात काय चालतं हे आपल्याला वाचता आलं पाहिजे, असं मला तेव्हा वाटायचं, आजही वाटतं. पण त्या नेमाची किंमत मी मोजत नव्हतो. राउटर मुख्याध्यापकांच्या खोलीत होता आणि लॅब व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला. मुलं एकेक लॅपटॉप छातीशी धरून तिथपर्यंत जायची, केबल लावायची आणि आपली पाळी संपली की परत यायची. हे मी डोळ्यांनी पाहत होतो, तरी माझा नेम ढळला नाही. स्वतः घरी बसून असा नेम पाळणं आणि तो दुसऱ्याच्या मुलांवर लादणं यांतला फरक मला कळायला हवा होता.

दोन महिन्यांनी एका लॅपटॉपची हार्ड डिस्क गेली. ती बदलायला गेलो तेव्हा लॅब सांभाळणाऱ्या बाई शेजारी उभ्या होत्या. काढलेली डिस्क त्यांनी हातात घेऊन उलटी केली. खाली हिरवी पाटी, तिच्यावर एक मोठी चौकोनी चिप आणि बाजूला आठ पायांची बारकी चिप.

“सर, ही मोठी चिप कसली?”

“डिस्कचा स्वतःचा प्रोसेसर.”

“म्हणजे ह्याच्यातही प्रोग्राम असणार.”

“असतो.”

“तो वाचता येतो का तुम्हाला?”

“नाही.”

“मग हा कसा चालला?”

त्यांनी टोमणा मारला नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी उत्तराला तोंड उघडलं. असा कोड कारखान्यातच भरलेला असतो, तो बदलत नाही, म्हणून तो हार्डवेअरच धरायचा, हे उत्तर मला पाठ होतं. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनही उपकरणांना प्रमाणपत्र देताना अशा कोडला सवलत देतं. पण ती पाटी समोर असताना ते शब्द उच्चारवेनात. त्या डिस्कचा प्रोग्राम वायफायच्या फाइलइतकाच बंद होता, आणि मुलांनी लिहिलेलं अक्षर न अक्षर त्याच्याच हातून जात होतं. तो कर्नलकडे काही मागत नव्हता, म्हणून मला दिसत नव्हता. जे उपकरण नाव सांगून फाइल मागत होतं, त्याला मी दाराबाहेर ठेवलं होतं. जे न विचारता आत बसलं होतं, त्याला मी निर्मळ मानलं होतं. मी कोडची पारख करतच नव्हतो. स्वतःचे हात स्वच्छ राहावेत, एवढंच पाहत होतो.

त्या रात्री दुसरी गोष्ट आठवली आणि झोप उडाली. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधले स्पेक्टर आणि मेल्टडाउन हे दोष जाहीर झाले. स्पेक्टरच्या एका प्रकारासाठी इंटेलने सुधारित मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतला प्रोग्राम, दिला. डेबियनमध्ये तोही ‘नॉन-फ्री’ विभागात होता, म्हणून तोही मी नाकारला होता. पण नवा नाकारल्याने जुना जात नाही. प्रोसेसरमध्ये कारखान्यातला मायक्रोकोड चालूच होता, तितकाच बंद, वर सदोष. स्वातंत्र्याच्या नावाखाली मी त्या शाळेला कमी सुरक्षित मशिन दिली होती.

पुढच्याच शनिवारी पेन ड्राइव्हवर दोन्ही पॅकेजं घेऊन गेलो. नऊही लॅपटॉप व्हरांड्याच्या या टोकालाच जोडले गेले. मी बाईंची माफी मागितली.

२०२२ मध्ये डेबियनच्या डेव्हलपरांनी मतदान करून फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घ्यायचं ठरवलं आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ मध्ये त्यासाठी वेगळा विभाग झाला. ती बातमी वाचून, पूर्वी वाटलं असतं तसं, काही हरल्यासारखं वाटलं नाही. खुलं फर्मवेअर आजही मला हवंच आहे. ते शक्यही आहे: एथेरॉसच्या काही यूएसबी वायफाय चिपांच्या फर्मवेअरचा सोर्स २०१३ मध्येच खुला झाला. पण त्यासाठी आधी बंद काय आहे ते दिसलं पाहिजे. फाइलला नाव असतं, आवृत्ती असते, ती मोजता येते आणि तिच्या जागी एक दिवस दुसरी ठेवता येते.

बाईंना हे मी त्या शनिवारीच सांगितलं होतं. त्यांनी डेड स्टॉक रजिस्टर काढलं आणि प्रत्येक लॅपटॉपच्या नोंदीपुढे त्याच्या फर्मवेअर फाइलचं नाव लिहून घेतलं. शेवटी मला विचारलं, “डिस्कच्या प्रोग्रामचं नाव काय लिहू?”

मी म्हटलं, “माहीत नाही असं लिहा.” त्यांनी नऊ वेळा तसं लिहिलं.